पिशवीतला श्वास

मित्रांनो, मी एक जुनी बॅगपाइप आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला लांबूनच, लष्कराच्या संचलनात पाहिले असेल. जवळून मी काही फार देखणी नाही. काखेत धरलेल्या पखालीतून पाच काठ्या बाहेर आल्यासारखी दिसते. तरी माझी हकीकत तुम्हाला सांगितली पाहिजे, कारण ती माझी कमी आणि एका माणसाच्या श्वासाची जास्त आहे. तो श्वास कसा उणा होत गेला, हे मी सर्वांत जवळून पाहिले. जवळून पाहूनही मला काही कळले नाही.

एका लांबट, काळोख्या कारखान्यात माझा जन्म झाला. लोखंडासारख्या जड, काळ्या लाकडाचे तुकडे तिथे वर्षानुवर्षे वाळत पडलेले असत. कातारी ते यंत्रावर फिरवी, पटाशी लावी, आणि लाकडाची तेलकट, कुरळी सालपटे गळून त्यांचा त्याच्या पायांशी ढीग होई. त्याने माझ्या नळ्या आतून पोखरल्या. चामडे शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याने बकऱ्याच्या कातड्याची पिशवी शिवली. ती फुगवून तो पाण्यात दाबून धरी आणि एक जरी बुडबुडा वर आला तरी सगळी शिवण उसवी. "हवा चोर असते," असे तो म्हणे, "तिला एक भोक पुरतं."

माझी रचना सोपी आहे. एका नळीतून वादक फुंकतो आणि त्याचा श्वास पिशवीत साठतो. काखेने पिशवी दाबली की तो श्वास उरलेल्या चार नळ्यांतून बाहेर पडतो. त्यांतल्या एकीवर बोटे चालतात आणि सूर बदलतो. बाकी तिघी खांद्यावर टेकून एकच सूर धरून बसतात. म्हणून वादक दम घ्यायला थांबला तरी माझा आवाज थांबत नाही. बासरीत श्वास शिरतो आणि निघून जातो. माझ्यात तो मुक्काम करतो. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

लष्कराच्या बँडमध्ये मी एका तरुण पाइपरच्या वाट्याला आले. पुढे तो हवालदार झाला आणि आयुष्यभर सगळे त्याला हवालदारच म्हणत राहिले. मीही तेच म्हणते. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या बँडमास्तरांनी त्यांना बजावले, "पोरा, ही पिशवी कोरडी पडली की मेली. हिला तहानलेली ठेवू नकोस." हवालदारांनी ते वाक्य काळजावर कोरून घेतले. रोज वाजवून झाले की ते कातडे मऊ राहावे म्हणून पिशवीत चमचाभर मधासारखे औषध ओतत, ती चोळत, आणि हवा लागू नये म्हणून लगेच पेटीत बंद करत.

बँडच्या सामानखोलीत एक शिपाई होता. सगळे त्याला खडूस म्हणत. दर शनिवारी तो आम्हा सगळ्या पाइपांच्या नळ्या उपसून काढी, आतून फडके फिरवी आणि पिशव्या दोरीवर उलट्या टांगून ठेवी. हवालदारांना ते बघवत नसे. "हा खडूस आमच्या पिशव्या वाळवून मारणार एक दिवस," असे ते चिडून म्हणत. दुसऱ्या शनिवारी पुन्हा दोरी.

ती वर्षे चांगली होती, मित्रांनो. आम्ही संचलनात पुढे असायचो. गारठ्यात, धुळीत, चिखलात आम्ही वाजलो. शहीद झालेल्या जवानांच्या शवपेटीमागे आम्ही इतके सावकाश चाललो की एकेक पाऊल म्हणजे एकेक सूर वाटावा. अशा दिवशी हवालदारांचे गाल ओले असत, पण पिशवीवरचा दाब कणभर हलत नसे.

पुढे बँडसाठी नव्या, कापडी पिशव्यांच्या बॅगपाइप आल्या आणि आम्ही जुन्या मोडीत निघालो. हवालदार त्याच वर्षी निवृत्त होत होते. त्यांनी मला मागून घेतले. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "ही तुझी सवत. ओरडते फार, पण दाबली तरच."

"मग आजपासून जेवायलाही तिच्याकडेच मागा," बाई म्हणाल्या आणि पेटी ठेवायला कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करून दिला.

बाई फार वर्षे राहिल्या नाहीत. घरात हवालदार आणि त्यांची लेक उरली. लेक एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. केसाएवढा चरा तिच्या नजरेतून सुटत नसे. घरातला कारभार तिच्या हाती होता, म्हणून हवालदार तिला साहेब म्हणत. "हुकूम, साहेब," म्हणून टाच जुळवत आणि मग तिने सांगितलेले एकही काम करत नसत.

रोज पाच वाजता ते गच्चीवर जाऊन मला वाजवत. एक चाल, कधी दोन. मग औषध, मग पेटी. बँडमास्तरांचा शब्द त्यांनी एक दिवसही मोडला नाही. पण घरी शनिवार नव्हता. खडूस नव्हता. दोघांनी मिळून मला जपले होते, एकाने ओले ठेवून आणि दुसऱ्याने वाळवून. हवालदारांनी त्यातले अर्धेच घरी आणले होते, आणि ते अर्धे आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते.

मग खोकला आला. आधी कोरडा, मग जिन्यात थांबायला लावणारा. दोन चालींवरून ते एकीवर आले. पिशवी भरायला पूर्वी तीन फुंका लागत, त्या जागी सहा लागू लागल्या. मला वाटले, मीच जड झाले.

मध्ये एकदा ते तीन आठवडे बहिणीकडे राहून आले. मी घरीच होते. परत आले ते तरतरीत होऊन, जिना न थांबता चढले. लेकीची आत्या त्यांना सोडायला आली होती. ती दारातच म्हणाली, "माझ्याकडे खोकला नाही, काही नाही. तुमच्या या घरातच काहीतरी आहे बाई."

"ओल असेल भिंतीला," लेक म्हणाली.

"मग धुवून काढ की. नाहीतरी तुझा बाप आणि भिंत दोघं सारखेच, जागचे हलत नाहीत."

लेकीने खरोखर भिंती घासल्या, चुना दिला, गाद्या उन्हात टाकल्या, पडदे उकळले. घरातली प्रत्येक वस्तू तिने उघडली, झटकली, वाळवली. मला मात्र मऊ फडक्याने वरून पुसले आणि पेटीत नीट झाकून ठेवले. मी बाबांची लाडकी होते ना.

आठवड्यात खोकला परतला. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढले, गोळ्या दिल्या आणि फुंकायचा व्यायाम सांगितला. "बाबा बॅगपाइप वाजवतात," लेक अभिमानाने म्हणाली. बाई हसल्या. "मग तर छानच. वेगळा व्यायाम नको. वाजवू दे त्यांना."

त्या दिवसापासून लेक मला औषधासारखी त्यांच्या हातात देऊ लागली. हवालदार दमलेले असत, भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. ती पेटी उघडायची, फुंकनळी त्यांच्या ओठांशी न्यायची. "बाबा, चार फुंका मारा ना. बरं वाटेल."

"आज नको, साहेब."

"माझ्यासाठी."

मग ते उठून बसत आणि फुंकत. आणि फुंकता फुंकता नळी ओठांशीच ठेवून दम घेत. त्यांच्या हाताला जोर नव्हता तेव्हा पिशवीत औषध ओतायचे कामही तीच करू लागली. एक थेंब सांडू देत नसे.

असे चौथे वर्ष उजाडले. आता हवालदारांकडून पिशवी भरतच नव्हती. अर्धी फुगे आणि म्हशीच्या पारडासारखा एक हंबरडा फोडून बसे. एका सकाळी लेकीने वर्तमानपत्रात जाहिरात पाहिली. लष्करी बँडांचा एक मोठा ताफा गावोगाव कार्यक्रम करत फिरत होता. संचलन करणारे बँड, ढोलवाले, पितळी वाद्ये, आणि पन्नास बॅगपाइप एकत्र. आपल्या शहरात दुपारचा एक खेळ होता.

हवालदारांनी ती जाहिरात दोनदा वाचली. मग म्हणाले, "हिला घेऊन जाऊ. माझ्याच्यानं आता ही वाजत नाही. तिथल्या कुणीतरी एकदा भरून वाजवावी. मला ऐकायचीय."

लेकीने कार्यक्रमवाल्यांना पत्र लिहिले. उत्तर आले, खेळ संपल्यावर मागच्या दाराशी या, आमचे पाइप मेजर, म्हणजे बॅगपाइपवाल्यांचे प्रमुख, भेटतील.

त्या दुपारी हवालदारांनी जुना कोट घातला. तो खांद्यावरून ओघळत होता. बंदिस्त स्टेडियमच्या पायऱ्या चढताना ते चार वेळा थांबले आणि चारही वेळा "काय गर्दी आहे!" म्हणाले. पुढे कुणी नव्हते. जागेवर बसल्यावर लेकीने माझी पेटी मांडीवर घेतली आणि झाकण उघडे ठेवले.

दिवे मंद झाले. आधी आले फक्त ढोल. अंधारातून बुटांचा आवाज येत होता, शंभर पाय आणि टाच एक. मग प्रकाश पडला आणि समोर ड्रम मेजर, हातातला दंडा आकाशात भिरकावून न बघता झेलणारा. ढोलवाल्यांनी काठ्या एकमेकांच्या ढोलांवर आपटल्या, हवेत अदलाबदल केल्या, आणि एकाही ठोक्याला चूक नाही. पितळी वाद्यांचा बँड समोरून चालत आला. दोन रांगा एकमेकींतून अशा आरपार गेल्या की जणू कंगव्यातून कंगवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तिसऱ्या रांगेत डावीकडचा पाऊल चुकलाय," हवालदार म्हणाले.

"आजोबा, हळू बोला," मागून कुणीतरी म्हणाले.

"हळूच बोलतोय. मोठा आवाज शिल्लकच नाही," हवालदार म्हणाले, आणि मागचा माणूसही हसला.

मग पन्नास बॅगपाइप आल्या. सूर लागण्याआधी पिशव्यांवर तळहात पडतात, तो आवाज मी ओळखला. आणि एकदम तो घोष उठला, जमिनीतून उगवल्यासारखा. छत, खुर्च्या, माझी पेटी, सगळे थरथरले. हवालदारांची बोटे माझ्या नळीवर आली. ते वाजवत होते. गाल फुगत होते, खांदा पिशवी दाबल्यासारखा खाली जात होता. पन्नासांबरोबर एकावन्नावे ते चालत होते, जागच्या जागी, घोट्याने ठेका धरत. सबंध चालीत त्यांची दोनच बोटे चुकली. लेक मैदानाकडे पाहतच नव्हती. ती त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मी किती तरी महिन्यांनी आनंद पाहिला.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला हा शेवटचा चांगला अर्धा तास.

मागच्या दाराशी, वाद्यांच्या खोक्यांमध्ये, बँडवाल्यांनी हवालदारांना खुर्ची दिली. पाइप मेजर आले. पन्नाशीचे, उंच, कपाळावर टोपीचा लाल वळ. त्यांनी आधी सलाम ठोकला.

"उठू नका हवालदारसाहेब. आम्ही तुमच्या नंतरचे." मग मला उचलून घेतले. "वा! असं लाकूड आता बघायला मिळत नाही."

त्यांनी मला काखेत घेतले, नळ्या खांद्यावर टेकवल्या. हवालदारांनी डोळे मिटून घेतले. फुंकनळी ओठांपाशी आली आणि तिथेच थांबली. पाइप मेजरांनी नाक जवळ नेले, वास घेतला आणि मला हळूच खाली ठेवले.

"ही उघडली कधी होती शेवटची?"

"उघडली म्हणजे?" हवालदारांनी डोळे उघडले.

पाइप मेजरांनी माझी एक लांब नळी खोबणीतून उपसली, कुणाकडून तरी टॉर्च घेतला आणि पिशवीत डोकावले. मग टॉर्च लेकीकडे दिला. "ताई, तुम्ही बघा."

तिने पाहिले. माझ्या पोटात काळे डाग होते, पांढरी लव होती, शिवणीच्या कडेने हिरवट काहीतरी दाटले होते. केसाएवढा चरा ओळखणारी ती मुलगी फार वेळ पाहत राहिली.

"बुरशी आहे," पाइप मेजर म्हणाले. "रागावू नका साहेब, मी हिला ओठ लावणार नाही. आणि आजपासून तुम्हीही लावू नका."

"अहो, कोरडी पडली तर मरते ती!"

"मरू दे की. पिशवी दुसरी मिळते."

"आमच्या बँडमास्तरांनी सांगितलं होतं..."

"ओली ठेव म्हणाले ना? बरोबरच म्हणाले. पण आठवड्याला उघडायची, पुसायची, वाऱ्यावर टाकायची, हे तुमच्याकडे कोण करायचं?"

हवालदारांनी उपसलेली नळी हातात घेतली. मग म्हणाले, "खडूस."

"काय?"

"सामानखोलीवाला. तो करायचा."

पाइप मेजर लेकीकडे वळले. आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "खोकला किती वर्षं? बाहेरगावी गेल्यावर कमी होतो का? आमच्यातला एक जण असाच आजारी पडला होता. डॉक्टरांना ही पिशवी दाखवा."

ती एका खोक्यावर बसली.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी कापून तपासायला पाठवली. आठवड्याने म्हणाल्या, "हिच्यातलंच त्यांच्या छातीत गेलंय. आधी का नाही..." आणि थांबल्या. "नाही. विचारायला मी हवं होतं. वाजवू दे, असं मीच म्हणाले." पुढचे त्या जमिनीकडे पाहत बोलल्या. आता नवे नुकसान थांबेल. पण फुप्फुसे आतून कडक झाली आहेत, ती पुन्हा मऊ होणार नाहीत.

माझी पिशवी इस्पितळातच जाळून टाकली. मला त्याचे दुःख नाही. दुःख आहे ते वेगळेच. मला वाटायचे, मी या माणसाचा श्वास सांभाळते. तो थांबला तरी मी थोडा वेळ पुढे नेते. आणि मी काय केले, तर तो घेतला, नासवला आणि त्यालाच परत दिला. मी कातडे आणि लाकूड आहे. मला हेतू नसतो, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण त्याने काही हलके होत नाही.

उरलेल्या नळ्या पेटीत घालून लेकीने पेटी हवालदारांच्या खोलीबाहेर बोळात ठेवली. फेकवली नाही, जवळही घेववली नाही. दार उघडे असे. पुढचे चार महिने मी सारे ऐकले. प्राणवायूच्या नळीचा बारीक फुसफुसाट, उशांचे उंच होत जाणे, तिने दुकानातून घेतलेली रजा, मग बिनपगारी रजा, मग सोडलेले दुकान. वाक्ये लहान होत गेली. शेवटी एका श्वासात एक वाक्य, असा हिशेब उरला.

एका सकाळी त्यांना जरा बरे होते. ते म्हणाले, "तिचा काही दोष नाही."

लेक समजली, ते माझ्याबद्दल बोलत होते. ती उशी सारखी करत होती. हात थांबले.

"आणि माझा, बाबा?" तिने विचारले. "मी द्यायची तुमच्या हातात. रोज. नको म्हणायचात तरी."

ते बोलले नाहीत.

तिने वाट पाहिली. मग तिनेच स्वतःची समजूत घातली. "राहू दे. दम लागेल. नका बोलू." आणि त्यांचा हात धरून बसली. त्यानंतर त्या प्रश्नाकडे कुणी वळले नाही. दहा दिवसांनी ते गेले.

हवालदारांचा श्वास मी तीस-पस्तीस वर्षे मोजला आहे. भरलेला किती, उरलेला किती, हे मला बोटांच्या आधी कळायचे. त्या सकाळी त्यांच्या छातीत अजून एका वाक्यापुरता श्वास होता. नीट एका वाक्यापुरता. तो त्यांनी खर्च केला नाही. का, ते मला ठाऊक नाही. रागावले होते, की सुचले नाही, की सांगायची गरजच नाही असे वाटले. श्वासाची मला पारख होती, मनाची नव्हती.

परवा तिने पेटी उघडली. सगळ्या नळ्या काढून खिडकीत ओळीने मांडल्या, एकेकीतून फडके फिरवले. काम संपल्यावर ती तिथेच बसून राहिली. मग मला म्हणाली, "दम नव्हता म्हणूनच गप्प राहिले ना गं ते?"

माझ्याकडे पिशवी नाही, म्हणून मी बोलू शकले नाही. असती तरी बोलले नसते.

मित्रांनो, माझे मागणे छोटे आहे. तुमच्यापैकी कुणी फुंकून वाजवायचे वाद्य शिकत असेल, तर वाजवून झाल्यावर ते लगेच झाकून ठेवू नका. त्याच्या नळ्या काढा, आतून पुसा, वाऱ्यावर टांगा. दर आठवड्याला करा. कंटाळा आला तरी करा. कुणी खडूस म्हटले तरी करा. आणि घरात कुणाचा खोकला हटत नसेल, तर त्याच्या सर्वांत आवडत्या वस्तूचेही झाकण एकदा उघडून पाहा. ती आवडती आहे म्हणून सोडून देऊ नका.

हे सगळे करायला दहा मिनिटे लागतात. हवालदार आज बासष्ट वर्षांचे असते.